सोनाजीची मशीन

बद्रीनाथनं डायल गेजची सुई शून्यावर आणली आणि सोनाजीला मशीन पुढं-मागं हलवायला सांगितलं. सुई पुढं गेली, पण परत येताना चाळीस मायक्रॉन अलीकडंच अडून बसली.

"बघा, सायेब," सोनाजी म्हणाला. "मी म्हनलंच व्हतं. झिजलीय ती."

वाळूजच्या त्या कारखान्यात ही सीएनसी मशीन एकोणीस वर्षं उभी होती, आणि एकोणीस वर्षं तिच्यापुढं सोनाजीच उभा होता. मालक आप्पासाहेबांनी मशीन तपासणाऱ्या कंपनीतल्या बद्रीनाथला बोलावलं ते एवढ्याचसाठी. जुना कंट्रोल, म्हणजे मशीनचा मेंदूच, काढून नवा बसवण्याच्या लायकीची ती उरलीय का, की सरळ भंगारात काढायची, हे दोन दिवसांत तपासून लिहून द्यायचं होतं. भंगार ठरलं तर न्यायला माणूस तयार आहे, असंही त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. नव्या मशीनवर शिकलेली नवी पोरं येतील.

"आणि सोनाजीकाका?" बद्रीनाथनं विचारलं होतं.

"सोनाजीचं मनावर घेऊ नको. तो जाईल घरी," आप्पासाहेब म्हणाले. "तू भीड धरू नको. तू लिहिशील तसं करू."

झालं. एका माणसाची भाकरी आपल्या कागदावर येऊन पडली, हे बद्रीनाथला कळून चुकलं. मशीन तपासायला तो पैठणपर्यंत आनंदानं गेला असता. पण मशीनच्या आडून माणूस तपासायची वेळ आली की त्याचा हात जड व्हायचा. आणि मालकानं "जाईल घरी" असं किती सहज म्हणावं! एकोणीस वर्षांत एवढाही जीव लागू नये?

गंमत अशी की सोनाजी काहीच लपवत नव्हता. दुसरा कुणी असता तर मशीनच्या खोडी झाकता झाकता घामाघूम झाला असता. हा बाबा एकेक खोड स्वतः काढून दाखवायचा. उन्हाळ्यात स्क्रीन अंधारतो, टूल बदलताना अडखळते, कुलंटचं पाणी सोडणारा पंप तर कधीच मरायला टेकलाय. टूल फिरवणारा स्पिंडल आवाज करतो, असंही तो म्हणाला. बद्रीनाथनं कान लावला, हात लावला. आवाज काही येईना.

"येतो, सायेब. तुमी गेल्यावर येतो," सोनाजी म्हणाला.

बद्रीनाथनं स्पिंडलला गेज लावून पाहिलं. फरक फक्त पाच मायक्रॉन. नव्या मशीनला लाजवेल असा स्पिंडल होता. त्यानं तसं सांगितलं, तर सोनाजी उगाचच फडकं शोधायला लागला. इतका सरळ माणूस बद्रीनाथनं कुठल्या शॉपमध्ये पाहिला नव्हता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर किती, असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी एक वही घेऊन आला. असल्या जुन्या कंट्रोलचे बोर्ड कुठं दुरुस्त होतात, एकट्या माणसाला ते जमण्यासारखं आहे का, असं चाचरत विचारायला लागला.

"आता तुम्हाला कशाला हवंय हे, काका?"

"आसंच. एवढी वर्सं संगत केली. म्हाईत आसावं."

बद्रीनाथ सांगत गेला, सोनाजी जाड अक्षरात उतरवून घेत गेला.

पाच वाजता शिफ्ट सुटली. सगळे हात धुवायला पळाले. ऑफिसच्या काचेतून बद्रीनाथला सोनाजी दिसत होता. खाली वाकून तो मशीन पुसत होता, ज्या कोपऱ्यात कुणाची नजर जात नाही तिथंही फडकं फिरवून तेलाचा हात देत होता. उद्या तोडायला जाणाऱ्या वस्तूला कुणी इतकं जपतं का?

कागदावर एक ओळ लिहून झाली होती: "या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नाही." व्यवहारानं पाहिलं तर तेच बरोबर होतं. बद्रीनाथनं ती ओळ खोडली. मशीन पुढं-मागं सरकवणारा झिजलेला बॉलस्क्रू बदलून नवा कंट्रोल बसवावा, मशीन दहा वर्षं निर्धास्त चालेल, असं त्यानं लिहिलं. त्यातही समाधान होईना, तेव्हा आणखी एक वाक्य घातलं. तिचा स्वभाव ठाऊक असल्यानं सध्याच्याच ऑपरेटरला तिच्यावर ठेवावं.

आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला. जरा घुटमळले. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं. पण सोनाजीला तूच सांग."

बद्रीनाथ जवळजवळ पळतच शॉपमध्ये गेला. "काका, मशीन कुठं जात नाही. तुम्हीपण नाही. अजून दहा वर्षं."

सोनाजीनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मोडली, परत घातली. त्याचे डोळे भरून आले होते.

"लई उपकार झाले, सायेब."

बद्रीनाथलाही भरून आलं. नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी पुण्याचं काम हातून झालं, असं त्याला वाटलं.

काल सोनाजीनं त्याला घरी जेवायला बोलावलं होतं. आज मात्र तो मागंपुढं करू लागला. उशीर होईल, पुन्हा कधीतरी बघू, म्हणाला. बिचारा संकोचतोय, हे ओळखून बद्रीनाथनं त्याचं काही एक ऐकलं नाही. आज तर जेवल्याशिवाय जाणारच नाही म्हणाला आणि त्याच्या गाडीवर मागं बसला. रांजणगावपर्यंत सोनाजीनं गाडी अगदी सावकाश चालवली.

घर दोन खोल्यांचं. शेजारी पत्र्याचं नवंकोरं शेड. शेडच्या मधोमध सिमेंटचा ताजा चौथरा होता. त्याच्या कोपऱ्यांतून जाड बोल्ट वर आले होते आणि सोनाजीची बायको आक्काबाई त्यावरच्या पोत्यांवर पाणी मारत होती. पाहुणा दिसताच तिनं बादली खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. सोनाजी अजून मागं गाडीच लावत होता.

"या, सायेब," ती हसून म्हणाली. "भंगार ठरली की मशीन आमालाच द्यायचा शबुद हाय आप्पासायबांचा. दिलं ना मग तसं लिहून?"