नऊ खड्डे

नववा खड्डाही कोरा निघाला तेव्हा ती त्याच्या कडेलाच मटकन बसली आणि हसायला लागली.

"काय झालं गं?" बाबा धावत आले.

"काही नाही झालं. तेच तर!"

डोंगर तीन महिने धुमसत होता. स्फोट झालाच, तर तापलेल्या राखेचा लोंढा कुठवर येईल याचा नकाशा तिला करायचा होता. रीत साधी होती. जमीन खणायची, मागच्या स्फोटाने फेकलेल्या पांढऱ्या, हलक्या दगडाचा थर लागला की ती जागा लाल रंगवायची. खालच्या पेठेत तो गुडघाभर लागला होता, गिरणीमागे कमरेइतका. शाळेच्या माळावर मात्र वर काळी माती आणि खाली पिवळी. बस.

माळाच्या टोकाला बाबांचं घर होतं. आई गेल्यापासून ते तिथून हलायचं नाव काढत नव्हते. त्यांच्यासाठी रेघ बोटभरही सरकवायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. म्हणून तर नेहमीच्या तीन खड्ड्यांऐवजी नऊ. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ती विचारून आली होती, इथे कधी राख पडल्याचं ऐकलंय का? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. बाबांनीही.

माळ हिरव्या रंगात गेला. वरिष्ठांनी सही केली. वेळ आलीच तर सगळ्या गावाने शाळेत जमायचं.

मंगळवारी दुपारी ती वेळ आली. बसमागून बस चढून आली. गाद्या, कोंबड्या, कुणाचं शिलाई मशीन. शेवटची बस वर पोहोचली आणि पोलिसांनी खालचा रस्ता बंद केला. डोंगरमाथ्यावर करडा ढग उभा राहिला होता, पण कुणी आरडाओरडा केला नाही. नकाशावर सगळ्यांचा भरवसा होता.

बाबा दोन कप चहा घेऊन पायरीवर तिच्या शेजारी टेकले.

"आख्खं गाव दारात आणलंस. तुझ्या लग्नालासुद्धा एवढी माणसं नव्हती."

ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला गरम चहा मिळत होता.

"नशीब, एवढा सपाट माळ मिळाला. नाहीतर इतकी माणसं कुठे मावली असती?"

"नशीब कसलं? माणसांनी केलाय तो सपाट. माझ्या लहानपणी इथे खाण होती. वरची माती बाजूला सारायची, खालचा दगड बांधकामाला विकायचा आणि माती परत पसरायची. पुरुषभर खाली उतरवला सगळा माळ."

तिचा कप ओठांपाशीच थांबला.

"कसला दगड, बाबा?"

"पांढरा गं. इतका हलका, की आम्ही पोरं ओढ्यात त्याच्या होड्या सोडायचो."