खुर्चीशेजारची कुंडी

आमच्या दाजींची हुशारी उतू गेली. आम्हा दोघांच्या भागीदारीतल्या फुलशेतीत त्यांनी मातीला सोडचिठ्ठी दिली, कुंड्यांत नारळाचा भुसा भरून जरबेरा लावला आणि ओल मोजायचं एकुलतं एक यंत्र आपल्या खुर्चीशेजारच्या कुंडीत खोचलं.

"दाजी, फुलांनी माना टाकल्यात. पाणी सोडू का?"

"भुसा वरून कोरडा दिसतो, शालकबुवा, आत ओला असतो. यंत्र ओल दाखवतंय, तिथे तुमची अक्कल पाजळू नका."

अख्खी बाग वाळून खडखडीत झाली. यंत्राची कुंडी तेवढी टवटवीत. दाजी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, यंत्र खोटं बोललं का?"



नव्हतंच बोललं. ताई मधुमेहावर रोज पाठवायची तो कारल्याचा रस दाजी गुपचूप त्याच कुंडीत ओतायचे.