टाकी आणि कळस

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये रोज दिवेलागणीला भालचंद्र अंथरुणातून विचारायचे, “बेटाच्या आडोशाला आलो ना? नांगर नीट धरलाय?”

त्यांची बायको हेमलता खिडकीशी जायची. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत दिसत राहिल्या, की शिडाची होडी जागची हललेली नाही, हे अंदमानच्या पोस्टिंगवर त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“पाण्याची टाकी आणि देवळाचा कळस एका रेषेत आहेत, सर. होडी जागेवरच आहे.”

मग त्यांना झोप लागायची.

आज मात्र त्यांनी तिचा हात धरला. “श्यामकांत, आमच्या हेमलताला वायरलेसवर कळव यार, आपण सुखरूप आहोत. नाहीतर ती जेवायची नाही.”

होडीवरच्या त्यांच्या जुन्या सोबत्याच्या नावाला ओ देत हेमलतानं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

“कळवलं, सर. वाट बघतेय म्हणाली.”