पंधरा मिनिटांचं काम

ओक-बुन आजीच्या घरात जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरायचं, तरी तीन हिवाळे जमीन गारच राहिली. आजोबा दर थंडीत सोल शहरात राहणाऱ्या मुलाला फोन करायचे. "सगळी जमीन उखडावी लागेल, बाबा. उन्हाळ्यात बघू," ग्यू-सिक म्हणायचा. गेल्या जानेवारीत आजोबा न्यूमोनियाने गेले. आता वर्षश्राद्धाला पाहुणे मुक्कामी येणार, म्हणून ग्यू-सिकने कारागीर बोलावला. कारागिराने ओट्याखाली, जमिनीतल्या नळ्यांच्या जोडणीला रबरी नळी लावली, टोक बादलीत सोडलं आणि चावी फिरवली. फुसफुसत हवा निघाली, मग गढूळ पाणी. "नुसती हवा अडकली होती, आजी. पंधरा मिनिटांचं काम." तो अवजारं आवरेपर्यंत भिंतीलगतची जमीन कोमट झाली. "आई, मला खरंच माहीत नव्हतं," ग्यू-सिक म्हणाला. आजीने कारागिराला दारात थांबवलं. "हे कसं करायचं ते माझ्या मुलाला शिकवून जा. त्याचे बाबा गेले, पुढची पाळी माझी आहे."