ओरखडा

एखाद्या कारखान्यातलं काम शेवटच्या घटका मोजायला लागलं की कंपनी याच साहेबांना पाठवायची. कामगार पाठीमागे त्यांना ‘अँब्युलन्स’ म्हणत. मागचं काम वाचवल्याबद्दल मिळालेली जाडजूड अंगठी बोटात मिरवत साहेब इथे आले आणि आल्या आल्या त्यांनी प्रेसचा वेग उतरवला. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यातून न तडकता पट्ट्यांच्या रूपात बाहेर यायला लागलं.

पण आता साहेब जी पट्टी तपासायला घेत, तिच्यावर केसासारखा बारीक ओरखडा सापडायचा. साहेबांनी साचा घासणाऱ्या काकांना चारचौघांत झापलं. “काका, दिसत नसेल तर घरी बसा ना.” काकांनी खालमानेने साचा पुन्हा घासायला घेतला.

आज गिऱ्हाईक स्वतः आलं होतं. माल पसंत पडला नाही तर काम बंद. थंड झालेली पहिली पट्टी आरशासारखी लख्ख होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“हातमोज्यातून काही कळत नाही हो,” म्हणत साहेबांनी नेहमीप्रमाणे मोजा काढला आणि पट्टीवरून कौतुकाने तळहात फिरवला. हात पुढे सरकला, तसा मागे केसासारखा ओरखडा उमटत गेला.

कानापर्यंत लाल झालेले साहेब अंगठी ओढत राहिले, पण ती बोटात रुतून बसली होती.

 

काकांनी हात धुवायचा साबण आणून निमूटपणे त्यांच्यापुढे धरला.