सहा टोकांची चांदणी

आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्याचं झाकण टणकन वाजलं. दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज.

“काय शोधतोयस?” वहीतून मान वर न करता तिने विचारलं.

“हातमोजे,” आतून नवऱ्याचा आवाज आला. “सापडले, सापडले.”

जादूगाराचं घर, त्यामुळे डबे फार. नाण्यांचा, पत्त्यांचा, रंगीत रुमालांचा. आणि कपाटात मागच्या बाजूला तिचा एक, कानाचा डबा. त्याला तिचा एकच नियम होता. पैसे टाकायचे, मोजायचे नाहीत. मोजले की हात शिवशिवतात. आकडा फक्त वहीत.

त्यांची लेक टिकली पाच वर्षांची होती. उजव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतंच, आता डावाही रुसत चालला होता. ऑपरेशनची तारीख मिळायला आठ महिने लागले होते. उद्या सकाळी दहाला काउंटरवर चाळीस हजार भरायचे. नाही भरले तर तारीख दुसऱ्या कुणाला तरी जाणार. नवी तारीख मिळेपर्यंत डावा कान तग धरेल का, या प्रश्नावर डॉक्टर नुसतेच चष्मा पुसत बसले होते.

वहीत आकडा होता साडेअडतीस हजार. आजच्या खेळाचे दोन हजार आले की त्यातले दीड हजार डब्यात, आणि सुटका.

बाकीचं घर तिच्या शिकवण्यांवर आणि पाकिटांवर चालायचं. भाड्याचं पाकीट, दुधाचं, विजेचं, कबुतराचं. कबुतराच्या पाकिटातून तीन आठवडे काहीच खर्च झालं नव्हतं. कबूतर आता थिएटरातच राहतं, तिथलेच लोक दाणे घालतात, असं तो म्हणाला होता. तिने त्यातली नोट गुपचूप दुधाच्या पाकिटात सरकवली होती. त्याचे पांढरे हातमोजेही हल्ली फारसे मळत नव्हते. तेवढाच साबण वाचत होता.

तो बाहेर आला. खांद्यावर काळ्या कोटाची पिशवी. टिकलीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या उजव्या कानामागून त्याने एक नाणं काढलं. ती खुदकन हसली.

“ऐकत नसला तरी कमावता कान आहे,” तो म्हणाला. मग उठता उठता, “मी काय म्हणतो, उद्याच न्यायला हवं का? जरा पुढे ढकललं तर?”

“घाबरलास?”

“बाप आहे मी.”

“आणि मी कोण, शेजारीण? उद्याच न्यायचं.”

त्याने मान हलवली. बुटांच्या नाड्या बांधायला त्याला आज फार वेळ लागला.

तो गेला आणि नणंदेचा फोन आला.

“वहिनी, आमचा दादा प्रेक्षकांनाच गायब करत नाही ना?”

“भरलेलं असतं म्हणे.”

“म्हणे? तू कधी गेली होतीस शेवटची?”

“तिकिटाचं पाकीटच नाही गं माझ्याकडे.”

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू घरात टिकलं नाही. आजच थिएटरातली वीज गेली तर? तिथला मालक म्हणाला, पैसे पुढच्या आठवड्यात, तर? तिने पाकिटं ओट्यावर मांडली. भाड्यातून पाचशे काढले, परत ठेवले. दुधातून दोनशे काढले, टिकलीकडे पाहिलं आणि तेही परत ठेवले. पाच वाजले. सहा वाजले. खरकटी भांडी तिने दोनदा घासली.

टिकली खिडकीत बसून पेन्सिलीने चांदण्या काढत होती. मागच्याच रविवारी तिला चांदणी जमायला लागली होती. तेव्हापासून दिसेल तिथे चांदण्या. वहीच्या पुठ्ठ्यावर, भिंतीवर, बाबांच्या जाहिरातीवर. त्या दिवशी डब्यात टाकायच्या तीन नोटांच्या कोपऱ्यातही तिने इवल्या इवल्या चांदण्या काढल्या होत्या. तिसरीला एक टोक जास्तच आलं. सहा. टिकलीचा ओठ थरथरायला लागला होता.

“असू दे,” तिने लेकीला जवळ घेत, डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, “ही सगळ्यांत जास्त चमकेल.”

साडेसहाला जिन्यात पावलं वाजली. तिने दार आधीच उघडून ठेवलं होतं.

“झाला खेळ?”

“झाला की. शेवटच्या रांगेपर्यंत भरलेलं.” त्याचे बूट धुळीने माखले होते, मैलभर चालून आल्यासारखे. त्याने खिशातून घडी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पाचशेच्या चार नोटा.

तिने नोटा मुठीत आवळल्या. मग तिने त्याचा दंड गच्च धरला. “झाले रे! झाले चाळीस पूर्ण. एवढं केलंस तू!”

“हात धुऊन येतो,” तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता आत गेला. न्हाणीघरातला नळ धो धो वाहायला लागला.

तिने वही उघडून साडेअडतीसवर काट मारली आणि खाली चाळीस लिहिलं, अक्षर सुंदर काढून. एक नोट घरासाठी बाजूला ठेवली. उरलेल्या तीन टिकलीसमोर पसरल्या.

“काढ बघू चांदण्या. मग डब्यात टाकू.”

टिकलीने पेन्सिल उचलली. ती हवेतच थांबली. तिने पहिली नोट डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली. दुसरी पाहिली. तिसरी मात्र खूप वेळ पाहिली. मग तिचा चेहरा उजळला. तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू यायचा नाही, त्यामुळे ती नेहमीच मोठ्याने बोलायची, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

“आई, ही तर माझी सहा टोकांची!”

आतला नळ बंद झाला.

“डब्यातून बाहेर कशी आली? बाबांनी ही जादू कशी केली गं?”