आधीचा पाय

मधुमेहात पायाची बोटं गमावलेल्यांसाठी तो बूट शिवायचा. दुकानातल्या फळीवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असत. कुणाला करंगळी नाही, कुणाचं पाऊलच अर्धं. एके दुपारी त्याच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आला. लेकीने वाचला आणि म्हणाली, "प्रीडायबेटिस."

"आता ही कुठली नवी भानगड?"

"डायबेटिस हा जुना ग्रीक शब्द, बाबा. आरपार निघून जाणं. प्यायलेलं पाणी अंगात ठरतच नाही, त्यावरून पडलेला. प्री म्हणजे त्याच्या आधी. आजार दारात आलाय, घरात शिरलेला नाही. माणसाने वेळीच सावध व्हावं, म्हणून या अवस्थेला वेगळं नाव."

तो फळीकडे बघत राहिला. तिथे आधीचा पाय एकही नव्हता. त्याच्याकडे सगळे नंतरच आले होते.

समोरचा गोड चहा त्याने बाजूला सारला, मोजा काढला आणि स्वतःच्या पावलाला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायला घेतली.

"तुम्हाला कशाला साचा? बोटं शाबूत आहेत की."

"म्हणून तर आजच."

संध्याकाळपर्यंत साचा तयार झाला, पाचही बोटांचा. त्याने तो फळीवर सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि चालायच्या बुटांसाठी चामडं काढलं.

"या फळीवरच्या प्रत्येकाचं माप मला पुन्हा घ्यावं लागलंय, दर खेपेला आखूड," तो म्हणाला. "या गिऱ्हाइकाचं मी एकदाच घेणार."